जुनी शिकारी बोट घेताना मागची फळी आधी तपासा
अमेरिकेतील पाणथळ भागांत बदकांच्या शिकारीसाठी वापरली जाणारी सपाट तळाची ॲल्युमिनियमची जुनी जॉन बोट पाहताना रंगाकडे दुर्लक्ष करावे. तो तसाही खरवडायचाच असतो. मोटर जिथे अडकवतात त्या मागच्या फळीत बहुधा प्लायवुड असते आणि ते आतून कुजलेले असू शकते, म्हणून मोटरचा खालचा भाग वर-खाली दाबून फळी हलते का, हे पाहावे. विक्रेत्याची हरकत नसल्यास बोट ट्रेलरवर असतानाच तिच्यात थोडे पाणी भरावे (काठोकाठ मुळीच नाही, कारण त्याचे वजन प्रचंड होते) आणि ज्या रिव्हेटमधून (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळीतून) ते ठिबकेल तिथे खडूने खूण करावी. सैल रिव्हेट पुन्हा ठोकून बहुधा घट्ट होतात.

फळी बदलताना तांबेयुक्त रसायनात मुरवलेले लाकूड कटाक्षाने टाळावे, कारण ओलाव्यात तांब्याच्या संपर्काने ॲल्युमिनियम खाल्ले जाते. त्याऐवजी मरीन प्लायवुड (बोटींसाठीचे, ओलाव्यात टिकणारे) घेऊन त्याच्या कडा आणि भोकांच्या आतल्या बाजूसुद्धा इपॉक्सीने, म्हणजे घट्ट होणाऱ्या जलरोधक राळेने, लिंपाव्यात. रंग मात्र बदकांना चमक दिसू नये म्हणून बिनचकाकीचाच हवा.

पैसे देण्यापूर्वी मागच्या बाजूस उजवीकडे असलेला 12 अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, जो 1972 च्या अखेरीपासून बनलेल्या बोटींवर असतो, कागदपत्रांशी ताडून पाहावा.