कोल्हापुरात नवा व्यवसाय सुरू करताना: आधी डोमेन आपल्या नावावर, मग वेबसाइट

राजारामपुरीत दुकान असो, महाद्वार रोडवर असो की गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत वर्कशॉप, नवा व्यवसाय उभा राहताना वेबसाइट बहुतेक वेळा उद्घाटनाच्या आठवड्यात आठवते. मग ओळखीच्या एखाद्या पोराला सांगितलं जातं, "तेवढी वेबसाइट करून दे." तो स्वतःच्या ईमेलवरून डोमेन, म्हणजे वेबसाइटचा इंटरनेटवरचा पत्ता, घेतो, स्वतःच्या कार्डानं पैसे भरतो आणि साइट चालू होते. दोन-तीन वर्षांनी तो पुण्याला नोकरीला जातो, नंबर बदलतो आणि नूतनीकरणाचे ईमेल त्याच्या जुन्या इनबॉक्समध्ये पडून राहतात. पिशव्यांवर, टेम्पोवर, बिलबुकावर छापलेला पत्ता एक दिवस उघडेनासा होतो. त्या पोराचा हेतू वाईट नसतो, कागदावर नाव कुणाचं हे कुणी विचारलेलंच नसतं.

जमीन घेताना सातबाऱ्यावर नाव कुणाचं हे आपण आधी बघतो. डोमेनचंही तसंच बघायला हवं. वेबसाइट कितीही वेळा पाडून नव्यानं बांधता येते. डोमेन हातातून गेलं तर ते परत मिळेलच असं नाही.

पुढचं समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू. दोघी जावांनी राजारामपुरीत घरगुती कांदा-लसूण चटणीचा व्यवसाय सुरू केलाय. शहरातली गिऱ्हाइकं घरी येऊन घेऊन जातात, पण पुण्या-मुंबईतल्या कोल्हापूरकरांना कुरिअरनं पाठवायचा विचार आहे.

पायरी १: व्यवसायाचा स्वतंत्र ईमेल

डोमेनच्या आधी हे करा. व्यवसायाच्या नावानं एक नवं जीमेल खातं उघडा, त्याला मालकाचा मोबाइल नंबर जोडा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डशिवाय आणखी एक खात्री मागणारी सोय) चालू करा. इथून पुढे डोमेन, होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा), गूगल, इन्स्टाग्राम, पेमेंट हे सगळं याच ईमेलवर उघडायचं. रिकव्हरीसाठी घरातल्या दुसऱ्या माणसाचा नंबर द्या. आपल्या उदाहरणात एका जावेचा नंबर मुख्य आणि दुसरीचा रिकव्हरीसाठी, म्हणजे एकीचा फोन हरवला तरी धंदा अडत नाही.

पायरी २: नाव

इथे वेळ घालवा, घाई करू नका. मराठी नाव इंग्रजी अक्षरांत लिहायचं म्हटलं की अडचणी सुरू होतात. 'वारणा'ला व्ही लावायचा की डब्ल्यू? 'झणझणीत'मधला झ झेडनं लिहायचा की जे-एचनं? 'शिदोरी'च्या शेवटी आय की दोन ई? तुम्हाला स्वतःचं स्पेलिंग सरळ वाटतं, गिऱ्हाईक मात्र दुसरंच टाइप करतं. म्हणून एक चाचणी घ्या. पाच-सहा जणांना फोन करून नाव फक्त तोंडी सांगा आणि त्यांना व्हॉट्सॲपवर इंग्रजीत लिहून पाठवायला सांगा. सगळ्यांनी सारखं लिहिलं तर नाव चांगलं. तीन जणांनी तीन प्रकारे लिहिलं तर दुसरं नाव शोधा, किंवा सर्वांत जास्त वापरली जाणारी दोन्ही स्पेलिंगं विकत घ्या आणि एक पत्ता दुसऱ्याकडे वळवा, म्हणजे पहिला टाइप केला तरी दुसराच उघडेल.

मधली आडवी रेघ आणि आकडे टाळा, फोनवर सांगताना ते हमखास चुकतात. एका डोमेनमध्ये ६३ अक्षरांपर्यंत मुभा असली तरी बारा-पंधराच्या पुढे जाऊ नये.

'कोल्हापुरी' हा शब्द नावात घालायचा मोह आपल्याकडे सगळ्यांना होतो आणि तो चूक म्हणता येणार नाही. पण निव्वळ 'कोल्हापुरी चटणी' किंवा 'कोल्हापुरी चप्पल' अशा नावावर तुमचा वेगळा हक्क सांगता येत नाही, ते सगळ्या गावाचं नाव आहे. त्याला स्वतःचा एखादा शब्द जोडा: आजीचं नाव, गल्लीचं नाव, काहीही जे फक्त तुमचं आहे. चपलांच्या व्यवसायात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं आहे. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात. साइटवर जीआयचा शिक्का मिरवायचा असेल तर त्याआधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या.

नाव पक्कं करण्याआधी केंद्र सरकारच्या ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर सार्वजनिक शोध घ्या, तो फुकट आहे. मसाले वर्ग ३० मध्ये येतात, पादत्राणं वर्ग २५ मध्ये. त्याच वर्गात कुणाचं मिळतंजुळतं नाव नोंदलेलं असेल तर ते सोडून द्या. डोमेन मोकळं मिळालं म्हणजे नाव वापरायचा हक्क मिळाला असं नसतं. जाता जाता इन्स्टाग्रामवर ते नाव मोकळं आहे का तेही बघा.

पायरी ३: डॉट कॉम, डॉट इन की डॉट भारत

गिऱ्हाईक भारतातलंच असेल तर डॉट इन पुरेसं आहे. ते २००५ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे आणि त्याची व्यवस्था निक्सी ही आपल्या देशातली संस्था बघते. पण लोकांच्या बोटांना डॉट कॉमची सवय आहे, त्यामुळे दोन्ही मोकळी असतील तर दोन्ही घ्या. दोन्हींचा खर्च मिळूनही वर्षाला दुकानाच्या एका फ्लेक्सपेक्षा फार जास्त होत नाही.

देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं आणि पाटीवर ते फार देखणं दिसतं. आपल्या लिपीतला पत्ता घ्यावा असं मला मनापासून वाटतं. फक्त तो दुसरा पत्ता म्हणून घ्या आणि मुख्य साइटकडे वळवा, कारण देवनागरी पत्त्यावरचा ईमेल अजून सगळीकडे चालत नाही आणि काही ॲपमध्ये लिंक 'एक्सएन'नं सुरू होणाऱ्या अगम्य अक्षरांत दिसते.

पायरी ४: खरेदी

डोमेन विकणाऱ्या अधिकृत कंपनीला रजिस्ट्रार म्हणतात. निवडताना पहिल्या वर्षाचा भाव बघू नका, दुसऱ्या वर्षीचा बघा. नव्याण्णव रुपयांत मिळालेलं डोमेन पुढच्या वर्षी हजारावर जाऊ शकतं आणि वर १८ टक्के जीएसटी लागतो. तक्रार करायची वेळ आली तर फोन उचलणारी माणसं आहेत का, डोमेन दुसरीकडे न्यायचं झाल्यास ऑथ कोड (त्यासाठी लागणारा गुप्त क्रमांक) सहज मिळतो का, हे आधी विचारा.

फॉर्म भरताना नोंदणीधारक म्हणून मालकाचं किंवा फर्मचं खरं नाव, खरा पत्ता आणि पहिल्या पायरीतला ईमेल लिहा. ओळखपत्राची पडताळणी मागितली तर करून टाका. डॉट कॉम घेतल्यावर ईमेल पडताळणीची एक लिंक येते, ती १५ दिवसांत दाबली नाही तर डोमेन तात्पुरतं बंद होतं. खरेदीच्या यादीत (कार्टमध्ये) आलेल्या वस्तू पैसे भरण्याआधी एकदा तपासा. सिक्युरिटी पॅक, एसईओ (गूगलवर वर दिसण्यासाठीचं) पॅक, साइट बिल्डर असे बरेच जिन्नस आपोआप जोडलेले असतात. सुरुवातीला त्यातलं काहीही लागत नाही.

काम डिझायनरलाच द्यायचं असेल तर तुमच्या खात्यात, तुमच्या समोर बसून, तुमच्या कार्डावरून डोमेन घ्यायला सांगा. चांगला डिझायनर याला नाही म्हणत नाही.

पायरी ५: साइट कशावर उभी करायची

पहिल्या सहा महिन्यांत एक-दोन पानंच लागणार असतील तर गूगल साइट्सवर फुकट काम होतं आणि स्वतःचं डोमेन जोडता येतं. फोटो, किमती, माहिती वारंवार बदलायची असेल तर वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर घ्या. ते २००३ पासून आहे, सॉफ्टवेअर फुकट आहे, फक्त होस्टिंगचं भाडं द्यावं लागतं, आणि वर्डप्रेस येणारी मुलं कोल्हापुरात सहज भेटतात. पैसे भरून थेट ऑनलाइन ऑर्डर घ्यायच्या असतील तर मासिक वर्गणीची तयार दुकानंही मिळतात. पण दिवसाला दोन-चार ऑर्डरी असताना ती वर्गणी जड जाते. आमच्या जावांना सध्या वर्डप्रेसची चार पानं आणि व्हॉट्सॲपची लिंक एवढं पुरेल.

"इन्स्टाग्राम आहे की, वेबसाइट कशाला?" असं बरेच जण विचारतात. इन्स्टाग्राम जरूर चालवा. पण दुसऱ्याच्या फुकट पत्त्यावर व्यवसाय ठेवला की काय होतं, ते २०२४ मध्ये दिसलं. गूगल बिझनेस प्रोफाइलसोबत मिळणाऱ्या फुकट वेबसाइट गूगलनं त्या मार्चमध्ये बंद केल्या. ज्यांनी तोच पत्ता कार्डावर छापला होता त्यांना सगळं नव्यानं छापावं लागलं असणार. स्वतःचं डोमेन असतं तर मागची साइट बदलली तरी पत्ता तोच राहतो.

पायरी ६: डोमेन साइटला जोडणे

लोक इथेच घाबरतात, पण काम दहा मिनिटांचं आहे. रजिस्ट्रारच्या खात्यात डीएनएसचं पान असतं, तिथे डोमेन टाइप केल्यावर कुठली साइट उघडायची ते लिहितात. होस्टिंगवाला एक आयपी क्रमांक (साइट ठेवलेल्या संगणकाचा क्रमांक) देतो, तो तिथल्या 'ए रेकॉर्ड' नावाच्या नोंदीत लिहायचा. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी 'सीनेम रेकॉर्ड' या दुसऱ्या नोंदीत मुख्य डोमेन लिहायचं. बदल कधी पाच मिनिटांत दिसतो, कधी ४८ तासांपर्यंत वेळ लागतो, त्यामुळे मधेच परत परत बदलू नका. शेवटी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आणि न लावता, दोन्ही प्रकारे साइट उघडते का ते बघा.

साइट आणि गिऱ्हाईक यांच्यातली माहिती सुरक्षित ठेवणारं एसएसएल प्रमाणपत्र फुकट मिळतं. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते देते आणि बहुतेक होस्टिंगमध्ये एका बटणावर चालू होतं. ते नसेल तर ब्राउझर साइट सुरक्षित नसल्याचं सांगतो आणि नवं गिऱ्हाईक तिथूनच माघारी फिरतं.

पायरी ७: पानांवर काय लिहायचं

तयार साच्यातली "आम्ही दर्जाला सर्वोच्च प्राधान्य देतो" ही वाक्यं काढून टाका. त्यातून गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. चटणीच्या साइटवर लोकांना हे हवं असतं: मिरची कुठली, किती तिखट, खोबरं-तीळ घातलेत का, कांडप केलीय की मिक्सरवर, किती महिने टिकते, अर्धा किलोचा भाव किती, पुण्याला पोचायला किती दिवस आणि कुरिअरचे पैसे वेगळे की त्यातच. भाव लिहायला बिचकू नका. भाव न दिसल्यानं परत गेलेलं गिऱ्हाईक तुम्हाला कधी कळतच नाही.

आपण ज्याला घरात नुसतं 'चटणी' म्हणतो, ते पुण्यातलं माणूस 'कांदा लसूण मसाला' म्हणून शोधतं. पानावर दोन्ही शब्द मराठीत आणि इंग्रजी अक्षरांतही येऊ द्या. उद्यमनगरातल्या वर्कशॉपनं हेच वेगळ्या रीतीनं करावं: कुठल्या धातूचं कास्टिंग, किती किलोपर्यंत, कुठली मशिन्स, तपासणीची सोय काय. खरेदी विभागातला माणूस तेवढंच शोधत असतो.

फोटो स्वतःच्या मोबाइलनं, दिवसाच्या उजेडात काढा. इंटरनेटवरून उचललेला फोटो कायद्यानंही अडचणीचा असतो. मोबाइलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो दोनशे-तीनशे केबीवर आणूनच चढवा, नाहीतर खेडेगावातल्या नेटवर साइट उघडतच नाही.

व्हॉट्सॲपची लिंक अशी बनते: डब्ल्यूए डॉट मी, तिरकी रेघ, मग ९१ आणि तुमचा दहा आकडी नंबर. अधिकचं चिन्ह, शून्य, मोकळी जागा काही नको. ती लिंक प्रत्येक पानावर मोठ्या बटणात ठेवा.

पायरी ८: कायद्याची पानं

साइटवरून माल विकणार असाल तर २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे व्यवसायाचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव द्यावं लागतं. छोट्या व्यवसायात ते मालकाचंच असू शकतं. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात करायचं असतं. परतावा, डिलिव्हरी आणि गोपनीयता यांचं धोरण लिहा. पेमेंट गेटवेवालेही (ऑनलाइन पैसे घ्यायची सोय देणाऱ्या कंपन्या) खातं उघडताना हीच पानं मागतात. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेचा १४ आकडी क्रमांक ठळक टाका.

निपाणी-बेळगाव आपल्याला शेजारी वाटतात, पण तिथे माल पाठवणं म्हणजे राज्याबाहेरची विक्री. मालाच्या आंतरराज्य विक्रीला उलाढाल कमी असतानाही जीएसटी नोंदणी लागू शकते. पहिली ऑर्डर घेण्याआधी करसल्लागाराशी बोलून घ्या.

पायरी ९: गूगलवर दिसणे

गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट उघडा, पडताळणी पूर्ण करा आणि त्यात आपल्या साइटचा पत्ता टाका. नाव, पत्ता, फोन साइटवर आणि प्रोफाइलवर तंतोतंत सारखे असू द्या. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला आलेली माणसं मंदिराबाहेर उभी राहून मॅपवरच दुकानं शोधतात, तेव्हा वेळा बरोबर हव्यात. मग गूगलच्या सर्च कन्सोल या फुकट सेवेत डोमेन नोंदवून साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, द्या. 'आठ दिवसांत पहिल्या क्रमांकावर आणतो' असं सांगणाऱ्याला पैसे देऊ नका.

पायरी १०: नूतनीकरण

आपोआप नूतनीकरणावर विसंबू नका. कार्डाची मुदत संपते, आणि परदेशी कंपन्यांची आपोआप वसुली भारतीय कार्डांवर बऱ्याचदा अडते. शक्य असेल तर तीन किंवा पाच वर्षांचे पैसे एकदम भरा, दहा वर्षांपर्यंत भरता येतात. मुदतीची तारीख दुकानातल्या कॅलेंडरवर आणि घरातल्या दोघांच्याही (आपल्या उदाहरणात दोघी जावांच्या) मोबाइलमध्ये महिनाभर आधीची आठवण म्हणून लावा. मुदत चुकलीच तर त्याच दिवशी रजिस्ट्रारला फोन करा. सुरुवातीचे काही दिवस नेहमीच्या भावात डोमेन सोडवता येतं, नंतर डॉट कॉमसाठी दंडासह आणखी ३० दिवस मिळतात, त्यानंतर ते कुणालाही विकत घेता येतं.

दरम्यान 'तुमचं डोमेन संपतंय, इथे पैसे भरा' किंवा 'तुमच्या नावानं परदेशात कुणीतरी डोमेन घेतंय' असे ईमेल येतील. त्यातली लिंक दाबू नका. स्वतः रजिस्ट्रारची साइट उघडा, लॉगिन करा आणि तिथे लिहिलेली तारीख बघा.