गोडा मसाला कुणाला द्यायचा, कसा लिहून द्यायचा आणि काय राखून ठेवायचं

घरच्या गोड्या मसाल्याची पाककृती कुणी मागितली की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. "अगं, त्यात काय विशेष, सगळं अंदाजानं," असं म्हणून विषय मिटवला जातो. नाहीतर जिनसांची यादी दिली जाते, पण एखादं प्रमाण किंवा भाजण्यातली एखादी खूण राहून जाते, कधी नकळत, कधी मुद्दाम. यातलं दुसरं जास्त वाईट. मागणारी नागकेशर, जायपत्रीसारख्या महागड्या जिनसा आणते, दिवसभर कढईपाशी उभी राहते आणि शेवटी हाती कडवट भुकटी येते. वर तिला वाटतं, आपल्याच हाताला चव नाही. पाककृती द्यायची तर पूर्ण द्यावी. द्यायची नसेल तर स्पष्ट नाही म्हणावं. त्यात कुणाचाच माल वाया जात नाही.

आधी ठरवा: द्यायची का?

पाककृती मुळात तुमची नसेल, जावेकडून किंवा शेजारणीकडून आलेली असेल, तर पुढे देण्याआधी तिला विचारा आणि कागदावर तिचं नाव लिहा. एवढं केलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही. नाव न घेता वाटल्याचं मात्र माणसं वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

मसाला विकून घर चालत असेल, मग तो बचत गट असो की घरगुती व्यवसाय, तर प्रमाण राखून ठेवणं अगदी रास्त आहे. त्यात कोतेपणा नाही. ते कसं राखायचं ते शेवटी सांगितलं आहे.

या दोन्हींपैकी काही नसेल तर द्या, आणि निदान दोन वेगवेगळ्या घरांत लिखित स्वरूपात द्या. एकीच्याच हातात असलेला मसाला तिच्याबरोबर जातो. मग मागे राहिलेल्यांना यादी आठवते, पण धणे किती आणि खोबरं किती लाल करायचं हे कुणालाच सांगता येत नाही.

अंदाज वजनावर आणताना

लागेल काय? एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि वही-पेन. जायपत्री, हिंग यांच्यासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा मिळाला तर उत्तम.

मसाला करणाऱ्या आजींना किंवा सासूबाईंना "किती घालता?" असं विचारू नका. विचारलं की त्या थांबतात, विचार करतात आणि हाताला जे ठाऊक असतं त्यापेक्षा वेगळाच आकडा सांगतात. त्याऐवजी प्रत्येक डबा आधी झाकणासकट वजन करून ठेवा. त्यांना नेहमीच्या सवयीनं मूठ, वाटी, पळी जे हवं त्यानं काढू द्या. सगळं काढून झालं की डबे पुन्हा वजन करा. धण्याचा डबा आधी १,१४० ग्रॅम होता आणि नंतर ८९५ भरला, तर धणे २४५ ग्रॅम गेले. तेलाची बरणीही अशीच मोजायची, कारण तेल किती गेलं हे कुणालाच सांगता येत नाही.

शक्य असेल तर पुढच्या वेळीही हेच करा. दोन नोंदी शेजारी ठेवल्या की कुठे हात सैल आहे आणि कुठे काटेकोर, ते कळतं. धण्यात वीस ग्रॅमचा फरक पडला तरी चवीला कळत नाही. लवंगेत तीन ग्रॅमचा फरक पडला की आमटी तोंडाला चरचरते. ज्या जिनसा दोन्ही वेळी जवळजवळ सारख्या भरतात, त्यांच्यापुढे कागदावर खूण करा. घेणाऱ्याला तिथे मनानं बदल करायचा नाही हे कळायला हवं.

वाटी आणि चमचा लिहायचेच असतील तर आधी त्यांचं माप काढा. रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. घरातल्या वाट्या १२० पासून २०० मिलिलिटरपर्यंत काहीही भरतात, त्यामुळे नुसतं "दोन वाट्या खोबरं" याला अर्थ नाही. दगडफुलाचं तर वाटीशी गणितच जमत नाही. ते इतकं हलकं आणि पोकळ असतं की दहा ग्रॅमचा ढीग पाहून निम्मं काढून ठेवावंसं वाटतं. तसं करू नका. गोड्या मसाल्याचा तो ओळखीचा, किंचित मातकट वास मुख्यतः दगडफुलाचाच असतो.

जुनी वही समोर असेल तर

१९५६ च्या कायद्यानंतर दशमान वजनं आली आणि १९५७ साली आणे जाऊन नवे पैसे आले. त्याआधीच्या वह्यांत शेर, छटाक, तोळे असतात. वजनी शेर म्हणजे ८० तोळे, सुमारे ९३३ ग्रॅम. पावशेर २३३ ग्रॅम, छटाक ५८ ग्रॅम, तोळा ११.६६ ग्रॅम. इथे एक चूक फार जणांकडून होते. पावशेराचे २५० ग्रॅम धरतात आणि तोळ्याचे, सोनाराच्या हिशेबानं, १० ग्रॅम. मग धणे सात टक्क्यांनी वाढतात, लवंग-दालचिनी चौदा टक्क्यांनी घटते, मसाला फिका होतो आणि खापर फुटतं "हल्लीच्या मसाल्यांना वासच नाही" यावर. बदल करायचा तर सगळ्या मापांत सारखा करा.

वहीत नुसता "शेर" असेल तर तो वजनी की मापी, म्हणजे भांड्यानं मोजलेला, हे पाहावं लागतं. धान्य मापी शेरानं मोजायचे आणि ते माप गावोगाव वेगळं असे. "दोन आण्याची जायपत्री" असं लिहिलेलं असेल तर त्याचे ग्रॅम काढता येत नाहीत. तिथे २५० ग्रॅम धण्यांना ३ ग्रॅम जायपत्री घ्या आणि पुढच्या खेपेला चवीप्रमाणे बदला.

कागदावर काय असावं

एक पूर्ण नमुना देतो. घरोघरी फरक असतो, पण लिहिण्याची पद्धत हीच ठेवावी.

धणे २५० ग्रॅम, किसलेलं सुकं खोबरं १०० ग्रॅम, पांढरे तीळ ५०, जिरे २५, खसखस २०, सुक्या ब्याडगी मिरच्या २० ग्रॅम.
दालचिनी, मिरी, शहाजिरे, दगडफूल, हळकुंड प्रत्येकी १० ग्रॅम.
लवंग, तमालपत्र, नागकेशर, बाद्यान (चक्रफूल), मसाला वेलची, खडा हिंग प्रत्येकी ५ ग्रॅम, जायपत्री ३ ग्रॅम.
तेल सुमारे ३० मिलिलिटर. मसाला अर्ध्या किलोपेक्षा थोडा जास्त होतो.

मिरचीची जात लिहायलाच हवी. "सुक्या मिरच्या २०" वाचून कुणी लवंगी मिरची घातली तर गोडा मसाला गोडा राहत नाही. दगडफूल निवडून, साल आणि माती झटकून घ्यायचं, हेही लिहा. ज्याला ठाऊक नाही तो ते तसंच टाकतो आणि मसाला कचकचतो.

कृतीत प्रत्येक पायरीला वेळ आणि खूण दोन्ही द्या. प्रत्येकाची कढई आणि गॅस वेगळा, म्हणून खूण महत्त्वाची आणि वेळ नुसता आधाराला. लोखंडी कढईत, मंद आचेवर, आधी कोरड्या जिनसा: तीळ तडतडायला लागून फुगेपर्यंत, साधारण चार मिनिटं. खसखस हाताला कोरडी लागून रंग जेमतेम पालटेपर्यंत, दोन ते तीन मिनिटं. खोबरं सगळीकडून सारखं बदामी होईपर्यंत, पाच ते सहा मिनिटं. खोबरं उतरवलं की लगेच ताटात पसरायचं. कढईतच राहिलं तर ते कढईच्या उष्णतेनं पुढे भाजत राहतं.

मग चमचाभर तेलावर धणे, दोन घाण्यांत, प्रत्येकी सहा-सात मिनिटं. दाणा दाताखाली कुरकुरीत फुटला की झालं. जिरे-शहाजिरे वेगळे, मिनिटभर. हिंगाचा खडा तेलात फुलून आतपर्यंत हलका होईपर्यंत. हळकुंड आधी खलबत्त्यात फोडून मग तळायचं, सबंध तळलं तर मिक्सरचं पातं जातं. मिरच्या तकतकीत फुगेपर्यंत. बाकीचे खडे मसाले थेंबभर तेलावर एकेक करून, आणि दगडफूल सगळ्यात शेवटी, अर्धं मिनिट. ते जळायला वेळ लागत नाही.

सगळं पूर्ण गार झाल्यावर दळायचं. मिक्सर एका वेळी वीस-तीस सेकंदच चालवा, मधे थांबा. सलग चालवला तर भांडं तापतं, तीळ-खोबऱ्याचं तेल सुटतं आणि भुकटीऐवजी गोळे होतात. म्हणून कडक जिनसा आधी दळायच्या, तीळ, खसखस, खोबरं शेवटी त्यांत मिसळून. चाळून उरलेला रवाळ भाग पुन्हा दळा, टाकू नका. त्यात दालचिनी आणि हळकुंडच जास्त असतं. दळलेला मसाला ताटात पसरून गार झाल्यावरच बरणीत भरा.

प्रमाण दुप्पट केलं तर भाजण्याचा वेळ दुप्पट होत नाही, घाणे दुप्पट होतात. ही एक ओळ कागदावर ठळक लिहा. अर्धा किलो धणे एकदम कढईत पडले की खालचे जळतात आणि वरचे कच्चे राहतात.

बिघडलं तर कशामुळे

कडू झाला तर बहुधा तीळ, खसखस किंवा जिरे जळलेले असतात. हे दुरुस्त होत नाही. गूळ वाढवून झाकायचा प्रयत्न केला तरी कडूपणा मागून येतोच. कच्चा, गवतासारखा वास आला तर धणे कमी भाजले गेले. असा मसाला मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परतून बराच सुधारतो. महिनाभरात खवट झाला तर खोबरं जुनं होतं. किसण्याआधी खोबऱ्याच्या वाटीचा तुकडा तोडून चावून पाहा, जिभेला साबणासारखं लागलं तर सबंध वाटी बाद. गुठळ्या झाल्या तर मसाला गरम असताना भरला गेला किंवा बरणी ओली होती.

रंगाबद्दल शब्दांवर भिस्त ठेवू नका. "बदामी" प्रत्येकाचा वेगळा असतो. भाजलेलं खोबरं आणि धणे चमचाभर एका छोट्या पुडीत बांधून कागदाबरोबर द्या, आणि तयार मसाला पन्नास ग्रॅम. घेणाऱ्याला शेजारी ठेवून ताडता येतं. फोटो पाठवायचा असेल तर दिवसाच्या उजेडात काढा. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. पहिल्यांदा सगळ्या जिनसा पाव प्रमाणातच घ्यायला सांगा.

कागद परदेशी जाणार असेल तर खसखशीचा विचार करा. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, सिंगापूर इथे खसखशीवर बंदी आहे, आणि सामानात सापडली तर गंभीर अडचण होते. तिथल्या नातेवाइकांना खसखस वगळून तीळ ७० ग्रॅम लिहून द्या. तयार मसाला पाठवतानाही तो बिनखसखशीचाच करा.

राखून ठेवायचं असेल तर

कायद्याचा आधार जितका वाटतो तितका नाही. जिनसांची यादी आणि प्रमाण यांवर कॉपीराइट मिळत नाही. तुम्ही लिहिलेला मजकूर आणि काढलेले फोटो मात्र तुमचेच. पेटंटचा मार्गही जवळजवळ बंद आहे, कारण १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३ नुसत्या मिश्रणाला आणि पारंपरिक ज्ञानाला पेटंट नाकारतं. व्यापारी गुपितांसाठी भारतात वेगळा कायदा आजवर झालेला नाही, करारावरच भागवावं लागतं. म्हणून कामावर येणाऱ्यांशी आणि भागीदाराशी गोपनीयतेचा लेखी करार पहिल्या दिवशी करा. भांडण झाल्यावर कुणी सही करत नाही.

रोजच्या कामात सगळ्यात उपयोगी पडते ती पुडीची पद्धत. धणे, खोबरं, तीळ, जिरे भाजायला कुणालाही द्या. दगडफूल, नागकेशर, जायपत्री, लवंग यांसारख्या मसाल्यांची वजन केलेली पुडी घरातल्याच माणसानं बांधायची, घाण्यामागे एक. ते मसाले भाजायचं कामही घरातच ठेवा. दळायला डंखावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीवर, नेत असाल तर पुडी तिथे आपल्या हातानं मिसळा. सबंध यादी एकाच दुकानात देऊ नका. मसाल्याच्या दुकानदाराला चार महिन्यांच्या खरेदीवरून प्रमाण सहज काढता येतं.

पाकिटावर जिनसा वजनाच्या उतरत्या क्रमानं छापाव्या लागतात, त्यामुळे यादी गुप्त राहणारच नाही. प्रमाण आणि भाजण्याची रीत मात्र छापावी लागत नाही. तुमचं गुपित तेवढंच आहे, तेवढंच जपा.

कुणाला त्रास होऊ शकेल अशी जिन्नस कधीही लपवायची नाही, मग विक्री असो की घरचं जेवण. शेंगदाणे, काजू घातले असतील तर सांगा. तिळाची अॅलर्जीही काहींना जोरदार असते. बाजारातल्या बांधणीच्या, म्हणजे पीठ-डिंक मिसळून केलेल्या, हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. गहू वर्ज्य असलेल्या माणसाला "मसाल्यात गहू कुठला?" असं उत्तर देण्याआधी डबीवरचा मजकूर वाचा.

आणि गुपित असलं तरी ते एका डोक्यात ठेवू नका. संपूर्ण प्रमाण, तारीख घालून, दोन प्रतींत लिहा. एक घरात कुलपात, दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये. प्रमाण बदललं की दोन्ही प्रती बदला आणि जुन्या फाडा. मागायला आलेल्या मैत्रिणीला "हे आमच्या विक्रीचं आहे, प्रमाण नाही देता येणार, पण मसाला घेऊन जा" असं सांगून पाव किलोची पुडी हातात ठेवा.