तालुक्याच्या महाविद्यालयात सामाजिक शास्त्रांचा अभ्यास कसा करावा

तालुक्याच्या ठिकाणी अर्थशास्त्र, राज्यशास्त्र किंवा समाजशास्त्र घेऊन बी. ए. करणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात पहिल्याच वर्षी एक भीती घर करते, की पुण्या-मुंबईकडची मुले पुढे निघून जातील आणि आपण इथेच राहू. ही भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. विषयाला एखाददुसराच प्राध्यापक असतो, ग्रंथालयातील आवृत्त्या जुन्या असतात आणि अर्धा वर्ग गाइडांच्या आधारावर पदवीपर्यंत पोहोचतो. मात्र ही शास्त्रे ज्या शेतीचा, बाजाराचा, जातिव्यवस्थेचा आणि पंचायतीचा विचार करतात, त्या सर्व गोष्टी अशा महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर पडताच समोर असतात. त्यांचा अभ्यास शिस्तीने कसा करावा, हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहे आणि तेच येथे लिहीत आहे.

सुरुवात शब्दांपासून करावी. एका वहीत डाव्या बाजूला पाठ्यपुस्तकातील संज्ञा आणि उजव्या बाजूला घरात किंवा शिवारात त्याच गोष्टीला वापरला जाणारा शब्द लिहावा. पुस्तकात ‘पीकवाटा पद्धती’ असे येते तेव्हा आपल्या चुलत्यांनी अर्धेलीने, म्हणजे निम्मे पीक मालकाला देण्याच्या बोलीवर, केलेले रान तेच आहे, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. भिशी ही अनौपचारिक वित्तव्यवस्था आहे आणि सावडीने केलेली कामे म्हणजे श्रमांची परस्पर देवाणघेवाण आहे. याच वहीत तिसरा रकाना इंग्रजी संज्ञेसाठी ठेवावा, कारण पुढचे वाचन बरेचसे इंग्रजीत करावे लागते. त्यासाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश उपयोगी पडतात.

यानंतर मी प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या घरचा, किंवा घरी जमीन नसेल तर परिचितांच्या संमतीने त्यांचा, सातबारा आणायला सांगतो. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख असतो आणि बारामध्ये पिकांची नोंद असते, एवढे समजले की त्यावरील फेरफार क्रमांकांकडे, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलांच्या नोंदींकडे, वळावे आणि जुने फेरफार तलाठी कार्यालयातून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून रीतसर अर्ज करून मिळवावेत. आजोबांच्या निधनानंतरच्या वारस नोंदीत मुलांबरोबर मुलींचीही नावे लागलेली असतात आणि पुष्कळदा त्यानंतरच्या एखाद्या फेरफाराने हक्कसोडपत्राच्या आधारे बहिणींची नावे कमी झालेली दिसतात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. त्या हक्काचे प्रत्यक्षात काय होते, हे त्या दोन फेरफारांइतके स्पष्टपणे क्वचितच कुठे वाचायला मिळेल. आत्याने सही का केली, हे तिलाच विचारावे. माहेर तुटू नये म्हणून केली, असे उत्तर आले तर ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवावे आणि त्यावर आपले मत लगेच लादू नये.

असे काम विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे कोणी म्हटल्यास मी हॅरॉल्ड मान यांचे उदाहरण देतो. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हे प्राचार्य शहराजवळच्या पिंपळे सौदागर या एकाच गावाची पाहणी करत राहिले. १७७१ मध्ये तेथील सरासरी धारणक्षेत्र (एका खातेदाराकडील जमीन) सुमारे ४० एकर होते आणि १९१५ पर्यंत ते सुमारे ७ एकरांवर आले होते, हे त्यांनी दाखवून दिले. जमिनीच्या तुकडेकरणाची चर्चा करताना आजही त्या एका गावाचा दाखला दिला जातो.

प्रश्नावली तयार करताना मात्र फार जपावे लागते. आमच्या एका तुकडीने पहिल्या पाहणीत ‘आपले मासिक उत्पन्न किती?’ असा सरळ प्रश्न विचारला आणि जवळजवळ सगळ्या घरांतून एकच गोल आकडा आला. प्रश्न चुकीचा होता आणि तो मीच तपासून दिला होता. दुसऱ्या वेळी आम्ही तो मोडून विचारला: दुभती जनावरे किती, सकाळ-संध्याकाळ दूध किती निघते, डेअरीला किती जाते आणि घरी किती राहते, दहा दिवसांच्या दुधाच्या पगारातून पेंडीचे किती कापले जातात. तेव्हा घराघरांतील फरक दिसू लागला. तसेच ‘तुम्ही काम करता का?’ असे विचारल्यावर ‘नाही, घरीच असते’ असे सांगणारी बाई त्याच दिवशी सकाळी खुरपणी करून आलेली असते. म्हणून कालचा दिवस पहाटेपासून कसा गेला, ते विचारावे. टिपणे त्याच संध्याकाळी पूर्ण करावीत. माहिती देणाऱ्यांची नावे अहवालात घालू नयेत आणि अहवाल त्यांना वाचून दाखवावा.

राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने ग्रामसभेला बसावे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी त्या सहसा भरतात. २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेली, पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती परीक्षेसाठी सर्वच जण पाठ करतात. पण कोरमअभावी सभा तहकूब झाली का, महिला सरपंचांच्या वतीने त्यांचे पती बोलतात का, कोणत्या वस्तीतील लोक मागे उभे राहतात, हे नोंदवणारे थोडेच असतात. आपल्या गावाची लोकसंख्या आणि सोयीसुविधांचे आकडे २०११ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावनिहाय मिळतात. ते आपल्या निरीक्षणाशी ताडून पाहावेत.

वाचनाबाबत थोडक्यात सांगतो. जिल्ह्याचे गॅझेटिअर आणि मराठी विश्वकोश इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांच्या जोडीला रोज इंग्रजीचे एक पान, शब्दकोश जवळ घेऊन, वाचावे; दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस फरक जाणवतो. परीक्षेसाठी मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवणे पुरेसे असते.

लहान महाविद्यालयाचा आणखी एक लाभ असा, की प्राध्यापक तुम्हाला नावाने ओळखतात. दर महिन्याला दोन पानांचे टिपण लिहून त्यांच्याकडे तपासायला द्यावे, लाल खुणांसह परत घ्यावे आणि पुन्हा लिहावे. तिसऱ्या वर्षापर्यंत अशी वीस-पंचवीस टिपणे आणि एक पाहणी अहवाल हाताशी असेल, तर तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेत किंवा एखाद्या विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज करताना, आपल्याला कोणत्या प्रश्नावर काम करायचे आहे, हे तुम्हाला स्वतःच्या शब्दांत मांडता येईल. प्रवेश परीक्षांच्या तारखा मात्र तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीपासूनच पाहायला लागाव्यात, कारण पदवीचा निकाल हाती येण्याच्या कितीतरी आधी अर्जांची मुदत संपलेली असते.