पायताणाची करकर आणि एक बटण

पहिलं काम मिळालं ते कोल्हापुरातल्या चप्पल लाइनमध्ये, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या बाजारात, एका दुकानाची वेबसाइट बनवायचं. बी.कॉम. झालो होतो, राजारामपुरीतल्या एका क्लासला सहा महिने वेब डिझाइन शिकलो होतो, आणि चांगली वेबसाइट म्हणजे काहीतरी हलतं-डुलतं दिसलं पाहिजे अशी पक्की समजूत होती. दुकानाच्या मालकांना सगळी लाइन आण्णा म्हणते. त्यांची मागणी एकच: "साइट उघडली की करकर आवाज आला पाहिजे. पायताण करकरलं न्हाई तर ते कोल्हापुरी कसलं?"

कल्पना मला लई आवडली. रात्री घरी नवी जोडी घालून फरशीवर येरझाऱ्या घातल्या, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला आणि वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, एलिमेंटर या पान मांडायच्या प्लगइनवर (वर्डप्रेसला जोडायच्या तुकड्यावर) बनवलेल्या पहिल्या पानावर चढवला. माझ्या कॉम्प्युटरवर झकास वाजला. दुसऱ्या दिवशी आण्णांच्या मोबाइलवर साइट उघडली, तर चिडीचूप. भोवती चार कारागीर बघत उभे.

झालं होतं असं की २०१८ पासून क्रोम ब्राउझर सहसा आपण पानाला हात लावल्याशिवाय आवाज सुरू होऊ देत नाही. माझ्याकडे वाजला, कारण एडिटरमध्ये मी आधीच पन्नास ठिकाणी क्लिक केलं होतं. शेवटी चपलेच्या फोटोखाली एक बटण ठेवलं, 'करकर ऐका'. आण्णांना ते कमीपणाचं वाटलं, पण आजही त्या साइटवर सगळ्यात जास्त दाबलं जाणारं बटण तेच आहे. बाकीची मेहनतीने केलेली ॲनिमेशन्स मीच नंतर काढून टाकली.

त्यात माझी आवडती युक्ती होती माउस नेला की चपलेचा तळ दाखवणारा फोटो. क्लासमध्ये ड्रीमवीव्हर या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या बिहेवियर्स पॅनेलमधून हेच शिकवलं होतं, एका फोटोच्या जागी दुसरा आणायचा. पण मोबाइलवर माउस कुठला? गिऱ्हाईक बोटाने बघतं. जे माउस नेल्यावर होतं ते बोट टेकवल्यावरही झालं पाहिजे, आणि बटण अंगठ्याला सापडेल एवढं मोठं पाहिजे. त्याच क्लासला २०१९ मध्येसुद्धा फ्लॅशची, म्हणजे ॲडोबी कंपनीच्या ॲनिमेशनच्या तंत्राची, इंट्रो शिकवत होते. ते २०२० अखेर बंद होणार हे ॲडोबीने २०१७ सालीच जाहीर केलं होतं. म्हणून नवीन शिकणाऱ्याला माझं सांगणं एवढंच: सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, पण त्याच्या पोटातलं एचटीएमएल (पानाचा सांगाडा), सीएसएस (पानाचं रूप) आणि थोडी जावास्क्रिप्ट (पानावरची हालचाल आणि हिशोब) वाचता आली पाहिजे. सॉफ्टवेअर बंद पडतं, तेव्हा तेवढंच हाताशी राहतं.

आवाजाच्या फजितीनंतर मी दोन दिवस दुकानात नुसता बसून राहिलो. गिऱ्हाईक काय विचारतंय ते वहीत लिहिलं. रंगाबद्दल फार कोणी बोलत नव्हतं. "माझ्या पायाला कुठलं माप?", "पावसात चालंल काय?", "पुण्याला पाठवता का?" हेच फिरून फिरून. पावसाचं आणि कुरियरचं उत्तर दाबलं की उघडणाऱ्या प्रश्नांमध्ये टाकलं. त्याला प्लगइन लागत नाही, एचटीएमएलमधल्या डिटेल्स आणि समरी या दोन टॅगांनी काम होतं. मापाने मात्र घाम काढला.

आपल्याकडचा चपलेचा नंबर साधारण ब्रिटिश मापावर चालतो, एका नंबरात आणि पुढच्या नंबरात एक तृतीयांश इंचाचा, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरचा फरक. तेवढा धरून मी एक चौकट केली: कागदावर पाऊल ठेवा, टाचेपासून लांब बोटापर्यंत मोजा, आकडा टाका, नंबर मिळेल. कारागिरांनी तक्ता बघितला आणि हसले. कातडी चप्पल वापरून सैल होते, पहिल्या दिवशी थोडी घट्टच बसली पाहिजे. म्हणून दोन नंबरांच्या मधलं माप आलं की लहान नंबर दाखवायचा, असं त्यांनी ठरवून दिलं. हे कुठल्या ट्युटोरियलमध्ये सापडत नाही.

मग एका बाईंचा फोन आला: "तुमची साइट मला नॅन म्हणतीय." त्यांनी मराठी कीबोर्डवरून '२४' टाकलं होतं. जावास्क्रिप्टला देवनागरी अंक हा आकडा वाटतच नाही, ती 'हा आकडा नाही' अशा अर्थाचं नॅन परत देते. मराठी गिऱ्हाइकासाठी साइट आणि मराठी आकडा चालत नाही! हिशोबाआधी देवनागरी अंक बदलून घेणाऱ्या चार ओळी लिहिल्या. दुसऱ्या कुणीतरी इंचात १० टाकलं आणि त्याला तान्ह्या बाळाचं माप मिळालं. तेव्हा सेमी आणि इंच अशी दोन बटणं आली.

संपर्काचा फॉर्म मी सगळ्यात सोपा समजत होतो, आणि त्यानेच खरं नुकसान केलं. जवळजवळ महिनाभर चौकश्या आण्णांच्या स्पॅममध्ये जात होत्या. मी पाठवणाऱ्याच्या जागी गिऱ्हाइकाचाच ईमेल पत्ता लावला होता, त्यामुळे जीमेलला तो बनावट मेल वाटायचा. पाठवणारा पत्ता आपल्या डोमेनचा ठेवायचा, गिऱ्हाइकाचा पत्ता उत्तराच्या (रिप्लाय-टू) जागी, मेल एसएमटीपीमधून, म्हणजे मेल पाठवायच्या रीतसर सर्व्हरमधून, पाठवायची आणि प्रत्येक चौकशीची नोंद साइटवरही राहू द्यायची. व्हॉट्सॲपच्या बटणात सुरुवातीचं शून्य किंवा अधिकचं चिन्ह नको, थेट ९१ आणि पुढे नंबर. चपलेचं नाव मेसेजमध्ये आधीच भरून ठेवलं की "फोटोतली ती तपकिरी" हा घोळ मिटतो.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानमधल्या प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि बातम्यांचा धुरळा उडाला. साइटवर परदेशातून माणसं यायला लागली, आणि त्यांना युरोपियन नंबर हवा होता. तक्त्यात एक रकाना वाढला. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाची माहिती आण्णांनी वर घ्यायला लावली, करकरीच्या बटणाच्या जरा खाली.

सध्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचं, काम चालू आहे. मालकांना साइटवर गोल फिरणारं थ्रीडी कास्टिंग (ओतीव भाग) हवंय. मी आधी त्यांच्या ऑफिसात फोनशेजारी बसलो. विचारणा होती वजनाची, ग्रेडची आणि माल कधी मिळेल याची. म्हणून पहिल्यांदा ड्रॉइंग जोडता येईल असा फॉर्म केला. पहिलंच ड्रॉइंग ११ एमबीचं आलं आणि अडकलं, कारण पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेची फाइल चढवायची मूळ मर्यादा २ एमबीची. ती वाढवून दिली. थ्रीडीचं पुढच्या महिन्यात बघू म्हटलंय.