पेरणीआधी एक फेरी: शेतात कोण कोणाला खातं?

पेरणीला अजून तीन-चार आठवडे आहेत. ढेकळं तापताहेत आणि खता-औषधांच्या याद्या लिहिणं सुरू झालंय. यादी पुरी करण्याआधी कुदळ घेऊन शेतातून एक फेरी मारा. बांधावरच्या गवताखालचं एक सुकं ढेकूळ घ्या, दुसरं शेताच्या मधोमधचं घ्या. दोन्ही पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या ग्लासांत हलकेच सोडा आणि पाचेक मिनिटं बघत बसा. माती तीच असली तरी बहुतेक ठिकाणी मधलं ढेकूळ आधी विरघळून तळाशी गाळ होतं आणि बांधावरचं टिकून राहतं. त्याला धरून ठेवणारा गोंद मुळांनी, बुरशीने आणि जिवाणूंनी बनवलेला असतो. बांधावर त्यांना वर्षभर खायला मिळतं, शेतात मात्र पीक निघालं की त्यांची उपासमार सुरू होते.

परिसंस्था हा शब्द जड वाटतो, पण गोष्ट एवढीच आहे. १९३५ साली आर्थर टान्सली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचं इंग्रजी नाव वापरात आणलं. सजीव एकीकडे आणि माती, पाणी, हवा दुसरीकडे असं तोडून काही कळत नाही, हे त्याचं म्हणणं होतं. शेतकऱ्याला हे नव्याने सांगायची गरज नाही. पण एक फरक पक्का लक्षात हवा. उन्हातून येणारी ऊर्जा पान, अळी, पक्षी अशी चढत जाते आणि प्रत्येक पायरीवर बरीचशी उष्णता होऊन उडून जाते, ती परत येत नाही. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) ही पिकाची अन्नद्रव्यं मात्र फिरत राहतात. जंगलात पान जिथे पडतं तिथेच कुजतं. शेतात आपण दाणा उचलून नेतो, म्हणजे चक्राला भोक आपणच पाडतो. खत हे त्या भोकाचं ठिगळ. काडीकचरा पेटवला तर भोक आणखी मोठं होतं, कारण त्यातलं जवळजवळ सगळं नत्र धुरातून जातं. पालाश आणि बरंचसं स्फुरद राखेत उरतं खरं, पण उघड्या रानातली राख पहिल्या वाऱ्यापर्यंतच आपली.

मग काडीकचरा गाडायचा का? हो, पण कधी गाडायचा याला महत्त्व आहे. पेरणीच्या तोंडावर गाडला की पीक पिवळं पडतं आणि दोष बियाण्याला जातो.

मातीतल्या जिवाणूंच्या शरीरात साधारण आठ भाग कर्बाला (कार्बनला) एक भाग नत्र असतं. शिवाय जगायला ऊर्जा लागते, म्हणून आठ भाग शरीरात ठेवताना ते आणखी सोळा भाग कर्ब श्वासावाटे जाळतात. म्हणजे त्यांच्या जेवणात चोवीस कर्बाला एक नत्र हवं. द्विदल पिकाचा कोवळा पाला याच्या आसपास किंवा खालीच बसतो, म्हणून तो पटकन कुजतो आणि नत्र मोकळं होतं. गव्हाच्या काडात मात्र हे प्रमाण ८० ला एक असं असतं. एक टन सुक्या काडात कर्ब साधारण ४०० किलो आणि नत्र जेमतेम ५ किलो. ते पुरतं कुजवायला जिवाणूंना १६-१७ किलो नत्र लागेल. उरलेलं नत्र ते जमिनीतून ओढतात, म्हणजे तुमच्या रोपाच्या तोंडचंच. ते बुडत नाही, जिवाणू मेले की परत मिळतं, पण तोवर रोपाचे पहिले काही आठवडे निघून गेलेले असतात.

म्हणून ज्यांच्याकडे अजून धसकटं, काड किंवा तुऱ्हाट्या पडून आहेत त्यांनी असं करावं. जमिनीत ओल असेल तर आजच बारीक करून गाडा, आणि सोबत शेणखत किंवा थोडं नत्र द्या. हिशेबातला सगळा फरक एकदम भरायला जाऊ नका, कुजणं सावकाश चालतं. ओल नसेल तर गाडू नका, कोरड्या मातीत काहीच कुजत नाही आणि नेमका पेरणीच्या वेळी पाऊस आला की ओढाताण सुरू होते. अशा वेळी काड ओळींमध्ये आच्छादन म्हणून पसरणं माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचं. वर पडलेलं काड फक्त मातीला टेकलेल्या थरातच हळूहळू कुजतं, त्यामुळे नत्राची ओढ थोडी राहते. शिवाय पावसाचा थेंब थेट मातीवर आपटत नाही, पापुद्रा धरत नाही आणि पाणी वाहण्याऐवजी मुरतं.

द्विदल पीक घेणार असाल तर बियाण्याला आधी बुरशीनाशक आणि सगळ्यात शेवटी रायझोबियम हे मुळांच्या गाठीत राहणारे जिवाणू लावून सावलीत सुकवा. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण ते झाडाच्या उपयोगाचं करून देणारे हे जिवाणूच. पाचेक आठवड्यांनी एक रोप मुळासकट उपटून मुळावरची गाठ नखाने चिरून बघा. आत गुलाबी-लालसर असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती फुकट जेवतेय. अशा पिकाला नत्राची मोठी मात्रा देऊ नका. जमिनीत आयतं मिळत असताना झाड गाठींना पोसत नाही.

आता फवारणीच्या यादीकडे येऊ. इथे माझं मत थोडं कडक आहे.

१९४२ मध्ये रेमंड लिंडेमन या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञाने एका लहान तळ्यातल्या ऊर्जेचा हिशेब मांडला. त्यातूनच पुढे ढोबळ नियम रुळला, की खालच्या पायरीवरच्या ऊर्जेचा साधारण दहावा हिस्साच वरच्या पायरीला पोचतो. शेताच्या भाषेत, मावा (रस शोषणारी बारीक कीड) भरपूर असला तरच त्याला खाणारे थोडे ढालकिडे जगतात, आणि ते नेहमी माव्यानंतर येतात. माव्याची मादी नराशिवाय जिवंत पिल्लं देते आणि उबदार हवेत ती पिल्लं आठ-दहा दिवसांत स्वतः आया होतात. ढालकिड्याला अंड्यापासून प्रौढ व्हायला तीन-चार आठवडे लागतात. सरसकट मारणारं औषध दोघांवर पडलं की आधी कोण सावरेल ते उघड आहे. पंधरा दिवसांनी मावा दुप्पट दिसतो आणि आपण म्हणतो, औषध बनावट होतं.

देशाच्या देशाने हा अनुभव घेतलाय. इंडोनेशियात भातावर जोरदार फवारण्या चालत असताना तपकिरी तुडतुडे आवरेनासे झाले, कारण त्यांना खाणारे कोळी आणि पिकावरचे शिकारी ढेकूण आधी मरत होते. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातासाठी ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. भाताचं उत्पादन त्यामुळे कोसळलं नाही. चीनमध्ये १९५८ पासून दाणे खाते म्हणून चिमणी मारण्याची मोहीम चालली. चिमणी किडेही खाते हे उशिरा ध्यानात आलं, आणि १९६० मध्ये मारायच्या यादीतून तिचं नाव काढून तिथे घरातल्या ढेकणाचं घातलं गेलं.

तेव्हा बी-उगवणीनंतर पहिले काही आठवडे केवळ मावा दिसला म्हणून पंप उचलू नका. आठवड्यातून एकदा शेतात नागमोडी फिरत वीस झाडं बघा. वहीत दोन रकाने करा, किडी आणि त्यांना खाणारे. दुसऱ्या रकान्यात ढालकिडा, त्याची मगरीसारखी दिसणारी काळपट अळी (हिलाच कीड समजून बरेच जण चिरडतात), क्रायसोपाची (जाळीदार पंखांचा हिरवा मित्रकीटक) केसासारख्या देठावर उभी पांढरी अंडी, कोळी, आणि फुगून सोनेरी-तपकिरी झालेले मेलेले मावे. त्या माव्यांच्या पोटात बारीक परोपजीवी गांधीलमाशी वाढत असते. दुसरा रकाना भरत असेल तर चार-पाच दिवस थांबून पुन्हा मोजा. पहिलाच वाढत जाऊन नुकसानीची पातळी ओलांडली, तर फवारा. माझा विरोध न बघता फवारण्याला आहे.

या मित्रकिडींना पीक नसताना राहायला जागा लागते, म्हणून बांध सगळे खरडून काढू नका. आपल्या पिकाच्या रोगाला आसरा देणारं तण असेल तेवढं उपटा, बाकी फुलणारं गवत राहू द्या. परोपजीवी गांधीलमाश्या आणि क्रायसोपाचे प्रौढ मध-परागावर जगतात. बांधाच्या आतल्या कडेला झेंडू, बडीशेप, कोथिंबीर अशी फुलोऱ्यावर येणारी एखादी ओळ टाकली तरी चालते.

फवारणी करावीच लागली तर ज्या पट्ट्यात कीड आहे तिथेच, वारा पडल्यावर, संध्याकाळी मधमाश्या परतल्यानंतर करा. शेताचा एक कोपरा मुद्दाम कोरा ठेवा. दहा दिवसांनी दोन्हीकडची झाडं मोजून त्याच वहीत लिहा, म्हणजे पुढच्या पेरणीआधी औषधांची यादी या आकड्यांवरून करता येईल.