टीएचआरचं पाकीट संपतं, वजनाचा काटा हलत नाही: या चुका टाळा

मेळघाट, नंदुरबार, जव्हार-मोखाडा अशा भागांत अंगणवाडीतून पोषक पीठ (टीएचआर, म्हणजे घरी नेण्याचा शिधा) मिळतं, रेशनवर पोषणयुक्त तांदूळ मिळतो, तरी सात-आठ महिन्यांच्या बाळाचं वजन जागचं हलत नाही. पाकिटातलं पीठ निकृष्टच असेल असं नाही. बहुतेक वेळा ते वाटीत येईपर्यंत पातळ झालेलं असतं.

पातळ पेज

सर्वांत मोठी चूक हीच. बाळाचं पोट दर किलो वजनामागे साधारण 30 मिली धरा, म्हणजे साडेसहा किलोच्या बाळाला एका वेळी 200 मिलीपेक्षा जास्त जात नाही. आता हिशेब करा. 200 मिली पाण्यात 10 ग्रॅम पीठ शिजवलं तर वाटीभर पेजेत जेमतेम 35 कॅलरी. अंगावर पिणाऱ्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे 200 कॅलरी लागतात, म्हणजे अशा सहा वाट्या. ते शक्यच नाही. पोट भरतं, बाळ गप्प बसतं आणि आईला वाटतं जेवलं.

त्याऐवजी 30 ग्रॅम पिठाची अर्धी-पाऊण वाटी घट्ट लापशी करा आणि उतरवल्यावर चहाचा एक चमचा तेल घाला. एकट्या तेलाच्याच 45 कॅलरी, सगळं मिळून दीडशेच्या आसपास. चमचा तिरका केल्यावर लापशीची धार लागता कामा नये, गोळा घरंगळला पाहिजे. वरणाचं पाणीही याच कारणाने कुचकामी: डाळ तळाशी राहते आणि बाळाला वरचं पाणी मिळतं. डाळ घोटून द्या.

घट्ट लापशी बाळ गिळत नाही, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय मोड आलेल्या नाचणीचा. नाचणी रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून दीड-दोन दिवस मोड येऊ द्या, कडक वाळवा आणि दळा. खरपूस भाजू नका, कारण पिठूळपणा मोडणारं द्रव्य जास्त आचेने मरतं. लापशी खाली उतरवून जराशी निवली, पण अजून चांगली गरम असली, की यातलं पाव ते अर्धा चमचा पीठ ढवळा. दहा मिनिटांत ती सैल होते, पाणी न वाढवता. मग एक उकळी काढून द्या, कारण मोडाच्या पिठात जंतू असू शकतात.

‘प्लास्टिकचा तांदूळ’

रेशनच्या तांदळात साधारण शंभरास एक दाणा जरा वेगळा दिसतो, कधी पाण्यावर तरंगतो. तो प्लास्टिकचा समजून निवडून फेकला जातो. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 मिसळून पाडलेला तो दाणा आहे. निवडून टाकला की उरतो साधा तांदूळ. धुताना एकदा-दोनदाच हलकं धुवा. भाताचं पाणी निथळून टाकू नका.

पण या तांदळावर विसंबूही नका. किलोमागे त्यात 28 ते 42.5 मिलिग्रॅम लोह असतं. बाळाच्या वाट्याला 30 ग्रॅम तांदूळ आला तर मिळतं एक मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणूनच सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत लोहाचं सरबत आठवड्यातून दोनदा, दर वेळी 1 मिली, बाटलीच्या ड्रॉपरनेच. घरच्या चमच्याने 5 मिली जातं, आणि मग उलटी झाली की बाटलीच बंद होते. शी काळी होते तीही याच सरबतामुळे. घाबरायचं कारण नाही. ताप-जुलाबात थांबवा, बाळ अतिकुपोषित किंवा सिकलसेलचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जेवणाबरोबर चहा नको, तो लोह शोषू देत नाही. लिंबाचे दोन थेंब उलट उपयोगाचे.

एक पाकीट, सहा तोंडं

घरात धान्य कमी असेल तर पाकीट सगळ्यांत वाटलं जाणारच, आईला दटावून उपयोग नाही. पाकीट घरी आलं की बाळाचं पीठ कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात वेगळं काढून ठेवायला सांगा आणि बाळाची वाटी वेगळी ठेवा, म्हणजे किती गेलं ते कळतं. पावसाळ्यात ओला चमचा बुडाला की पीठ गोळे धरतं. खवट वास आला तर टाकून द्या. शिजवलेलं दोन तासांत संपवा. दुधाची बाटली नकोच.

एवढं करूनही वजन वाढत नसेल

जुलाब झाल्यास ओआरएस आणि 14 दिवस झिंक (सहा महिन्यांवरील बाळाला रोज 20 मिलिग्रॅम). जुलाब थांबले म्हणून झिंक मध्येच सोडू नका. दंडाचा घेर 11.5 सेंटीमीटरच्या खाली असेल तर घरगुती उपायांवर थांबू नका. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबा. खळगा राहिला तर ती सूज आहे; अशा वेळी काट्यावरचं वजन पाण्यामुळे ठीकठाक दिसतं. बाळाला त्याच दिवशी दवाखान्यात न्या.