घराच्या विम्याचा हप्ता असा कमी केला

श्रीवर्धनचं आमचं घर जांभ्याचं, वर मंगलोरी कौलं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात निम्मी कौलं उडाली, तेव्हापासून विमा चुकवत नाही. पण यंदा नूतनीकरणाचा कागद आला आणि हप्ता डोळ्यांत भरला. एजंटभाऊ म्हणाले, "दादा, सगळीकडे वाढलंय."

जुनी पॉलिसी नीट वाचली. विमा रक्कम ४० लाख! त्यात जागेची आणि वाडीची किंमत धरलेली. वादळ जागा उडवून नेत नाही. विमा लागतो तो घर पुन्हा उभारण्याच्या खर्चाचा. आमच्या गवंड्याने चौरस फुटाला २,००० रुपये सांगितले. चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, ९०० चौरस फूट, म्हणजे १८ लाख.

मग तीन कंपन्यांकडून 'भारत गृह रक्षा'चेच दर मागवले. एप्रिल २०२१ पासून ही प्रमाणित पॉलिसी आहे, अटी सगळीकडे सारख्या, त्यामुळे तुलना खरी होते. रक्कमही तिघांना एकच सांगायची, हे फार महत्त्वाचं. या पॉलिसीत घरसामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळतं. आम्ही सामानाचा वेगळा हप्ता उगाच भरत होतो, तो बंद केला.

वादळ, पूर, दरड यांचं संरक्षण हिच्यात आहेच. गडगा, म्हणजे दगडी कुंपणभिंत, हाही इमारतीत धरला जातो. नारळ-पोफळी नाही, याचं वाईट वाटतं.

हप्ता निम्म्याहून खाली आला. चटई क्षेत्र तेवढं खरं लिहा, दाव्याच्या वेळी तेच तपासतात.